करवंदवाडीतली कानतपासणी

गुरुवारी सकाळी नाशिक रोडहून गाडी निघाली तेव्हा उज्वलाच्या मांडीवर यंत्राची पेटी होती आणि पायाशी डब्याची पिशवी. काम रोजचंच. एका आरोग्य संस्थेचं फिरतं पथक होतं. पथक म्हणजे तरी कोण, तर कान तपासणारी उज्वला आणि गाडी चालवणारा वाल्मीक. गावात जायचं, शाळेची खोली मागून घ्यायची, माणसांच्या कानांवर हेडफोन चढवायचे, बारीक-मोठे आवाज सोडायचे आणि कुणाला काय ऐकू येतं ते कागदावर मांडायचं. बारा वर्षं ती हेच करत होती.

"आज कुठं, ताई?" वाल्मीकनं विचारलं. तो तिच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, पण सगळ्यांनाच ताई-दादा म्हणणारा.

"करवंदवाडी."

"रेंजच्या अंगाची ना? तुम्ही आधी गेलाय का तिकडं?"

"एकदा. चार वर्षं झाली. तेव्हा आपल्याकडं गाडी नव्हती, एसटीनं गेले होते," असं म्हणून उज्वला खिडकीबाहेर बघू लागली. हे गाव दुसऱ्या कुणाला द्यावं म्हणून तिनं आठवडाभर धडपड केली होती. डोकं दुखतं म्हणून सांगून बघितलं. पण कान तपासणारी दुसरी कुणी संस्थेत नव्हतीच.

इगतपुरीच्या रस्त्याला लागून पुढं आत वळलं की डोंगर जवळ येतात. त्या डोंगरांपलीकडं तोफांच्या सरावाचं मैदान. गावातली माणसं त्याला नुसतं ‘रेंज’ म्हणत. सराव असला की टेकडीवर लाल बावटा लागे, भोंगा वाजे आणि मग दिवसभर डोंगर हादरत राही. हे आजकालचं नव्हतं. गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या जन्माआधीपासूनचं. देशाच्या तोफांना कुठंतरी सराव करावाच लागतो, आणि ते कुठंतरी म्हणजे कुणाच्या तरी घरामागंच असतं. करवंदवाडीच्या भिंतींना उभ्या भेगा होत्या. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवली तर निम्मी अंडी नासत. विहिरीच्या पाण्याला उन्हाळ्यात तुरट, लोखंडासारखी चव येई. आणि दोन बांधांवरून बोलावं तशी माणसं घरात चुलीपाशी बसूनही एकमेकांशी ओरडून बोलत.

चार वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात, रेंजच्या आवाजानं आसपासच्या वाड्यांतल्या लोकांच्या कानांवर काही परिणाम झालाय का, हे बघायला उज्वलाला पाठवलं होतं. त्या दिवशी दहा वाजताच फायरिंग सुरू झालं. यंत्रातला बारीक सूर सोडावा, तोवर शाळेचे पत्रे थडथडत. पाच माणसं कशीबशी तपासून झाली आणि यंत्राची बॅटरी बसली. गावात वीज नव्हती. दुपारी वरिष्ठांचा फोन आला, "उद्या अहवाल द्यायचाय. करवंदवाडीचे त्रेचाळीस फॉर्म आज पूर्ण करून आणा." पाच वाजता शेवटची एसटी होती.

मग उज्वला शाळेमागच्या उंबराखाली बसली आणि तिनं उरलेले अडतीस फॉर्म भरले. उजव्या कानासाठी लाल गोल, डाव्यासाठी निळी फुली. सगळ्यांच्या रेषा एकसारख्या दिसू नयेत म्हणून कुठं एक खूण वर, कुठं एक खाली. शेरा एकच: ‘श्रवणशक्ती सामान्य’. शेवटच्या फॉर्मपर्यंत तिचा हात दुखायला लागला होता. लांब रस्त्यावर एसटीची धूळ दिसत होती. त्या फॉर्मवर तिनं खालीवर काही केलंच नाही. दोन्ही कानांची रेष एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वीसच्या आकड्यावर सरळ ओढली, निरोगी कानाची असावी तशी, आणि उठली.

तो फॉर्म नवसाबाई गोटीराम पारधे या बाईचा होता.

पुढच्या वर्षी मार्गशीर्षात नवसाबाई सरपण आणायला डोंगराच्या अंगाला गेली. भोंगा वाजला तशा बरोबरच्या दोघी मागं फिरल्या. ही पुढं होती, ही चालतच राहिली, आणि तोफगोळ्यानं तिथंच गेली. चौकशी झाली. चौकशीत तिचा कानतपासणीचा फॉर्म पुढं आला. बाईला उत्तम ऐकू येत होतं. म्हणजे भोंगा ऐकूनही ती हद्दीत शिरली. म्हणजे तोफगोळ्यांचं पितळ वेचायलाच शिरली असणार. पेपरात चार ओळींची बातमी आली: ‘भंगार चोरताना महिलेचा मृत्यू’. उज्वलानं ती बसमध्ये वाचली होती. नाव वाचलं आणि पान उलटलं होतं.

आता शाळेतल्या गुरुजींनी तक्रारींवर तक्रारी केल्या म्हणून फेरतपासणी लागली होती, आणि गाडी करवंदवाडीच्या चढाला लागली होती.

त्या दिवशी रेंज बंद होती. टेकडीवर बावटा नव्हता. शाळेच्या एका खोलीत गुरुजींनी खिडक्यांना गोधड्या लावून ठेवल्या होत्या, बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून. आत अंधूक हिरवट उजेड, खडूच्या भुकटीचा आणि जुन्या गोधड्यांचा वास. टेबलावर यंत्र, समोर पाठमोरी खुर्ची. तपासायच्या माणसाच्या हातात एक बटण द्यायचं. आवाज आला की त्यानं ते दाबायचं, की यंत्रावरचा छोटा हिरवा दिवा लागे.

सकाळपासून एकवीस माणसं झाली. दिवा लागायचं नावच घेत नव्हता. उज्वला आवाज वाढवत जाई, पन्नास, साठ, सत्तर, आणि बसलेलं माणूस समोरच्या गोधडीकडं शांतपणे बघत राही. तिशीच्या बायका, विशीची पोरं. एका सात वर्षांच्या मुलीनं तर हेडफोन काढून विचारलं, "सुरू कधी करनार, मॅडम?" यंत्र तेव्हा तिच्या कानात पूर्ण आवाजात ओरडत होतं.

उज्वला प्रत्येक आकडा खरा लिहीत होती. लिहिताना तिचा चेहरा गरम होत होता.

एक वाजता सगळे जेवायला गेले. गुरुजी मुलांना घेऊन देवळात गेले होते. वाल्मीक गाडीत पाय पसरून झोपला. उज्वलानं डबा उघडला, एक घास घेतला आणि झाकण लावून टाकला. बाहेर भर दुपार होती. ज्या वेळेला जुनी माणसं पोरांना ओढ्याकडं जाऊ देत नाहीत, ती वेळ. एखादी कोंबडीसुद्धा ओरडत नव्हती. आत तर स्वतःच्या श्वासाचा आवाज येत होता.

दाराशी उजेड हलला. कुणीतरी आत आलं, आणि न विचारता पाठमोऱ्या खुर्चीत जाऊन बसलं.

"अजून जेवणाची सुट्टी आहे, मावशी," उज्वला मागून म्हणाली.

बाई हलली नाही. डोक्यावर पदर, जाडसर खांदे, हिरवं लुगडं. ऐकू गेलं नसेल, उज्वलाच्या मनात आलं. इथं कुणालाच जात नाही. आली आहे तर घेऊन टाकू. तिनं मागूनच हेडफोन उचलले आणि पदरावरूनच बाईच्या कानांवर बसवले. डावीकडची गादी नीट टेकली. उजवीकडची मात्र आत गेली. तिथं टेकायला काही सापडेना. उज्वलाला वाटलं, पदराची घडी असेल, अंबाडा सरकला असेल. तिनं पट्टी जरा आवळली आणि बटण बाईच्या हातात दिलं. हात थंड होता. दुपारच्या उन्हातून आलेल्या माणसाचा हात असा थंड नसतो. आणि एक वास आला. ओल्या मातीचा, आणि त्यात मिसळलेला जळक्या दारूचा, फटाके उडवून गेल्यावर मागं राहतो तसला.

तिनं पहिला सूर सोडला. सवयीनं मोठाच सोडला होता. दिवा लागला.

कमी केला. दिवा लागला.

चाळीस... तीस... पंचवीस. दिवा लागत गेला. दिवसभरात पहिल्यांदाच. उज्वलाला बरं वाटलं, क्षणभर खरंच बरं वाटलं. वीस. दिवा लागला. पंधरा केला, नाही लागला. पुन्हा वीस; लागला.

तिनं लाल गोल काढला, वीसवर. पुढचा सूर घेतला, जरा चढा. तोही वीस. त्याच्या पुढचा वीस. सगळ्यात चिरका, तरुण कानांनाही जो अवघड जातो, तोसुद्धा वीस. कानांची ही रेष कधी सरळ नसते. माणसाचा कान डोंगराच्या कडेसारखा असतो, कुठं चढ, कुठं उतार. बारा वर्षांत तिनं सरळ रेष पाहिली नव्हती. एक सोडून.

डावा कान. वीस. वीस. वीस...

उज्वलानं यंत्रावरचा हात काढून घेतला. आता कुठलाच सूर जात नव्हता. हिरवा दिवा लागला. विझला. पुन्हा लागला. शांतपणे, एका लयीत, जणू कुणीतरी न सोडलेल्या आवाजालाही हो म्हणत होतं.

"मावशी," उज्वला म्हणाली, "नाव... नाव काय लिहू?"

बाई हळूहळू वळली. खोलीतल्या अंधूकपणात तिचा चेहरा अर्धाच दिसत होता, डावा. तिची नजर उज्वलाच्या ओठांवर होती.

"लिवलंय की तू," ती म्हणाली. स्वतःचा आवाज ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं, सपाट, गरजेपेक्षा मोठ्यानं. "चांगलं येतं ना मला ऐकू, पोरी?"

उज्वला कशी बाहेर आली ते तिला आठवत नाही. ओट्याच्या खांबाला धरून ती उन्हात उभी होती, आणि उन्हातही दात वाजत होते. गाडीत वाल्मीक घोरत होता. बराच वेळ तिनं दाराकडं बघितलं. कुणी बाहेर आलं नाही. खोलीला दुसरं दार नव्हतं.

शेवटी ती आत गेली. खुर्ची रिकामी. हेडफोन खुर्चीवर नीट ठेवलेले, त्यांची उजवी गादी ओली. यंत्राच्या काचेवर आलेख तसाच होता, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ.

भीती तर होतीच. पण भीतीच्या खाली दुसरंच काहीतरी होतं, आणि ते जास्त जड होतं. नवसाबाई तिला मारायला आली नव्हती, शिव्या द्यायलाही नाही. जे लिहिलं होतं ते खरं करून दाखवायला ती आली होती, मास्तरांनी चुकीचं शिकवलेलं पोरानं मुकाट पाठ म्हणून दाखवावं तसं.

आणि एक गोष्ट उज्वला इतकी वर्षं स्वतःलाही सांगत नव्हती. अडतीसपैकी सदतीस जणांचं तिला ठाऊक नव्हतं. नवसाबाईचं ठाऊक होतं. त्या मे महिन्यातल्या दुपारी नवसाबाईनंच तिला हाताला धरून घरी नेलं होतं, नागलीची भाकरी, उडदाचं वरण, लसणाची चटणी वाढली होती. उज्वलानं पाणी मागितलं, दोनदा. चुलीकडं तोंड करून बसलेल्या बाईला पत्ता नाही. मग उज्वलाच्या कोपराचा धक्का लागून पितळी तांब्या फरशीवर खणखणत गेला, दारापर्यंत, तरी ती भाकरी थापतच होती. यंत्राची गरजच नव्हती. जेवून, हात धुऊन, ‘येते हं’ म्हणून उज्वला उंबराखाली गेली होती, आणि तिच्या नावावर सगळ्यात सरळ रेष ओढली होती.

तीनच्या सुमारास यादीतलं पुढचं नाव आलं. गोटीराम पारधे. नवसाबाईचा नवरा. पांढरी टोपी, वाळलेलं अंग, हातात काठी. त्याला जवळजवळ काहीच येत नव्हतं. तिनं हेडफोन काढले. तो उठून ओट्यावर गेला, तशी तीही मागोमाग गेली.

"बाबा," ती खालच्या आवाजात म्हणाली, "तुमच्या मंडळींचे कान मी तपासलेच नव्हते."

"आँ?"

"नवसाबाईंचे. त्या वेळी. मी खोटं लिहिलं."

"काय म्हनती? मोठ्यानं बोल, बाय." त्यानं कानामागं तळहात धरला.

ओट्याच्या पायऱ्यांवर तपासणी झालेली आणि व्हायची अशी पंचवीस-तीस माणसं बसली होती. ती वळून बघू लागली. उज्वलानं पुन्हा सांगितलं, थोडं चढ्या आवाजात. गोटीरामनं मान हलवली: नाही, नाही ऐकू आलं. शेजारची म्हातारी सखुबाई पुढं सरकली, "काय झालं? काय म्हनती ती मॅडम?"

असल्या गोष्टी माणूस अंधारात सांगतो, कानात सांगतो. इथं तर सगळ्या गावाला कान नव्हते. कुजबुजीची सोयच नव्हती.

"मी खोटं लिहिलं!" उज्वला ओरडली. घसा फाटेल इतकं ओरडली. "नवसाबाईला ऐकू येत नव्हतं! मला माहीत होतं! तरी मी लिहिलं ऐकू येतं म्हणून! मी खोटारडी आहे!"

गाडीतून वाल्मीक धडपडत उतरला. समोरच्या डोंगरावर आवाज आपटला आणि परत आला: आहे... आहे... पंचवीस-तीस माणसं कानामागं हात धरून तिच्या तोंडाकडं बघत होती. आता सगळ्यांना ऐकू गेलं होतं.

गोटीरामनं काठीच्या टोकानं मातीत दोन रेघा ओढल्या.

"ठावं हाय आमाला," तो म्हणाला.

उज्वलाला वाटलं, आपणच चुकीचं ऐकलं.

"उंबराखाली बसून लिवत व्हती तू. सगळ्यांनी बघितलं. आमी भैरे हाय, बाय, आंधळे नाय."

"मग... चौकशीत का नाही सांगितलंत? त्यांनी मावशींना चोर ठरवलं. तुम्ही का नाही बोललात?"

गोटीरामनं तिच्या ओठांवरून शब्द वेचले आणि मान वर केली. त्याच्या डोळ्यांत राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

"तू आमच्यात जेवून गेलती," तो म्हणाला. "ती म्हनायची, पोर लय गुणाची, दोन भाकरी खाल्ल्या. आपल्यात जेवल्या मानसाचं नाव कसं घ्यायचं पंचांम्होरं?"

सखुबाईनं उठून उज्वलाला पाण्याचा तांब्या दिला. उज्वलाला तो घेववेना आणि नाकारवेना.

तिथंच, शाळेच्या टेबलावर, तिनं चार पानांचा जबाब लिहिला. खाली सही केली. गोटीरामनं अंगठा उठवला, गुरुजींनी साक्ष घातली.

पुढं जे व्हायचं ते झालं. संस्थेनं तिला कामावरून कमी केलं. यंत्र जमा करून घेताना वरिष्ठांनी साठवलेले आलेख तपासले आणि त्यातल्या एकावर थांबले. "हा कुणाचा? सरळच्या सरळ आहे. यंत्राची चाचणी घेतली होती का?"

"हो," उज्वला म्हणाली.

जबाबावर त्यांनी आणखी एक ओळ लिहून मागितली: ‘याखेरीज अन्य कोणत्याही गावात असा प्रकार घडला आहे काय?’ त्या ओळीपुढं रिकामी जागा होती. उज्वलानं पेन थोडा वेळ तसंच धरलं. वरिष्ठ घड्याळ बघत होते. तिनं ‘नाही’ लिहिलं.

आठ महिन्यांनी निकाल लागला. नवसाबाईच्या कागदावरचा शेरा खोडला गेला; ‘मयत महिलेस भोंगा ऐकू आला नसावा’ असं नवं वाक्य आलं. चोरीचा शब्द गेला. गोटीरामनं तो कागद ग्रामसभेत वाचून घेतला म्हणे, तीनदा, कारण पहिल्या दोन वेळी मागच्यांना ऐकू गेलं नाही. वाल्मीकनंच हे सगळं फोनवर सांगितलं. तो अजून संस्थेची गाडी चालवत होता. "म्हातारा तुमची चौकशी करत होता, ताई," तो म्हणाला. "बरी हाय का म्हनला पोर." उज्वलानं फोन ठेवला आणि दुकानाच्या मागच्या बाजूला जाऊन नळ सोडून उभी राहिली.

ती आता नाशिक रोडलाच, कानाची यंत्रं विकणाऱ्या एका दुकानात काम करत होती. काचेच्या कपाटात मटारएवढी यंत्रं मांडायची, म्हाताऱ्यांच्या कानात बसवून द्यायची. दिवस बरे जात होते. आपण सांगून टाकलं, आता मोकळ्या झालो, असं ती रोज सकाळी स्वतःला सांगे.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, दुपारी सव्वा वाजता, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा फोन वाजला. वाल्मीक.

"ताई..." तो हळू बोलत होता. वाल्मीक कधीच हळू बोलत नसे. "पाथरमाळला आलोय. नवी मॅडम सोबत आहे. फेरतपासणी."

पाथरमाळ डोंगराच्या पलीकडच्या अंगाला होतं.

"इथं काहीतरी घोटाळा झालाय. आज फायरिंग आहे, आम्हाला निरोपच नव्हता. फाट्यावर पोलीसपाटील भेटला, म्हणाला गाव सकाळीच रिकामं केलंय, सगळी माणसं खालच्या गावात नेलीत, मोजून नेलीत. म्हणून गाडी वळवायला तेवढी वर आणली. तर... ताई, माणसं आहेत इथं."

"कुठं?"

"शाळेच्या ओट्यावर. ओळीनं बसलीत. बाया आहेत, पोरं आहेत. तीस-पस्तीस तरी. टेकडीवर बावटा लागलाय. भोंगा मघाशी दोनदा वाजला. मी हॉर्न दिला, हाका मारल्या. एकानं मान वळवली नाही. मॅडम गाडीतून उतरायला तयार नाही." त्याचा श्वास ऐकू येत होता. "तुमच्या जुन्या फॉर्मांची फाईल आहे माझ्यापाशी. छत्तीस नावं. सगळ्यांपुढं सामान्य लिहिलंय. म्हणून विचारतो. तुम्ही तपासलं होतं ना यांना? यांना ऐकू येतं ना, ताई?"

फोनमध्ये, लांब कुठंतरी, पहिली तोफ वाजली. क्षणभरानं काचेच्या कपाटातली यंत्रं बारीक किणकिणली की उज्वलाला तसं वाटलं, कोण जाणे.

पाथरमाळला ती कधी गेलीच नव्हती. एसटी पुढं जात नव्हती, ऊन होतं, चढ होता. ते छत्तीस फॉर्म तिनं घरी पलंगावर बसून भरले होते. आई शेजारी वाटाण्याच्या शेंगा सोलत होती. मतदारयादीतून नावं उतरवली होती.

"ताई? आहात का?"

"वाल्मीकदादा," ती म्हणाली. दुकानाच्या मालकाला ऐकू जाऊ नये म्हणून तिनं तोंडावर हात धरला, आवाज अगदी खाली आणला, इतका की स्वतःलाही जेमतेम यावा. "मी तिथं कधी आलेच नाही. ते सगळं मी घरी बसून लिहिलं."

पलीकडं दुसरी तोफ वाजली आणि डोंगरात विरली.

"ताई..." वाल्मीक म्हणाला. "सगळे उठले."

"काय?"

"तुम्ही आता बोललात आणि सगळे एकदम उठून उभे राहिले. पोरंसुद्धा." पुढचं त्यानं इतक्या बारीक आवाजात सांगितलं की उज्वलाला फोन कानात रुतवावा लागला.

"फोन तर माझ्या कानाला होता, ताई. आणि मी गाडीच्या काचा बंद करून बसलोय."